डावीकडे की उजवीकडे

ड्रायव्हरकाकांचा सगळा जन्म एकाच रस्त्यावर बस चालवण्यात गेला होता. डोळे मिटूनही नेईन, असं ते गमतीने म्हणत. परवा भरदुपारी चौकातला सिग्नल हिरवा झाला आणि पुढे कुठे वळायचं हेच त्यांना आठवेना. मागून हॉर्न वाजू लागले. आरशात गच्च भरलेली बस दिसली.

"काका, डावीकडे ना?" कंडक्टर हळूच म्हणाली.

शेवटच्या थांब्यापर्यंत त्यांनी बस जपून नेली आणि किल्ली तिच्या हातात ठेवली. "डॉक्टरांकडे सोबत येतेस, पोरी? घरी सांगायची छाती होत नाही."

दवाखान्यात बसल्या बसल्या ते नातवंडांची नावं घोकत राहिले. धाकटीचं नाव आठवेपर्यंत त्यांना घाम फुटला.