आधी खोली गप्प करा

पंखेवाल्या ताईंना मी एकदा घरातून हाकलायला निघाले होते, हे आधीच कबूल करते. नंतर कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

झालं असं, की आमच्या ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. तीस वर्षं तलावावर पोहायला शिकवणारा माणूस! काठावरून "पाय मार!" म्हणून ओरडले की पलीकडच्या टोकाचं पोर दचकून पाय मारायचं. आता मीठ हवं असलं तरी माझ्या खांद्याला हात लावायचे. डॉक्टर म्हणाले, यापुढे एवढंच. मी ओठ बघून समजून घ्यायचे, पण परदेशातल्या लेकीला फोनवर काही म्हणजे काही ऐकू जायचं नाही. "काय? बाबा, मोठ्याने बोल ना!" असं ती म्हणायची आणि हे फोन माझ्या हातात द्यायचे. पुढे पुढे तर फोन वाजला की उठून गॅलरीतच जायला लागले. आठ महिने बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. माझा जीव तिळतिळ तुटायचा.

दोघांना एक वेड होतं, गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं. लेक इथे होती तेव्हा दर रविवारी सोफ्यावर बसून भांडत खेळायचे. म्हणून मीच म्हटलं, एक चांगला कॉम्प्युटर घेऊ. टीव्हीला जोडू, मी मोठ्या पडद्यावर सिनेमे बघेन, हे लेकीशी खेळतील. खेळता खेळता तोंड उघडलं तर उघडलं.

माझा धाकटा भाऊ बँकेत आहे आणि त्याला जगातलं सगळं कळतं. तो यादीच घेऊन आला. बाजारातलं सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड, काचेची पेटी, आत सात रंगांचे दिवे. "ताई, डोळे झाकून घे," म्हणाला. डोळे झाकून घ्यायचं तर दिवे कशाला रे, असं मी विचारलं, तर रुसला.

यादी घेऊन मी आणि हे बाजारामागच्या गल्लीत गेलो. त्या दुकानाच्या पाटीवर अजून 'पंखे दुरुस्त करून मिळतील' असंच आहे. ताईंचे वडील पंख्यांच्या मोटारी भरायचे. बाराव्या वर्षापासून ह्या शेजारी बसून तांब्याची तार गुंडाळायच्या. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा दुकान ताईंनीच चालवलं. पुढे लोक पंखा बिघडला की नवीनच आणायला लागले, तेव्हा बाईंनी भंगारातले कॉम्प्युटर आणून उघडले आणि कुणाच्या हातापाया न पडता आपल्या आपण शिकल्या. आता पन्नाशी उलटली आहे. चष्मा दोरीने गळ्यात, स्क्रू ड्रायव्हर अंबाड्यात.

त्यांनी भावाची यादी वाचली आणि उलटी करून ठेवली. ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

हे कुजबुजले. एरवी जग म्हणतं, "काय?" ताईंनी उठून डोक्यावरचा पंखा बंद केला, काउंटरला वळसा घालून जवळ आल्या आणि थांबल्या. ह्यांना सांगायला चांगली दोन मिनिटं लागली. मी मदतीला तोंड उघडलं, तर मलाच तळहात दाखवून गप्प केलं. मला! माझ्या नवऱ्याची हिंमत नाही कधी झाली.

"उद्या घरी येते," त्या म्हणाल्या. "खोली बघितल्याशिवाय मी सामान ठरवत नाही."

आल्या त्या थेट आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसल्या, कॉम्प्युटर ठेवायचा त्याच जागी. फ्रिज बंद करायला लावला, पंखा बंद, खिडकी बंद. ह्यांना सोफ्यावर बसवून बोलायला सांगितलं. मी घामाने निथळतेय आणि बाई डोळे मिटून ऐकतायत!

मग मला म्हणाल्या, "यांचा आवाज माइकमधून वाढवता येतो. पण तो वाढवला की खोलीतला बारीकसारीक आवाजही तितकाच वाढतो. कॉम्प्युटरचा पंखा घोंगावला, की पोरीला वडील नाही, पंखाच ऐकू येणार. म्हणून आधी खोली गप्प केली पाहिजे."

भावाच्या यादीची त्यांनी पार चाळण केली. दांडगं कार्ड तापतं, तापलं की त्याचे पंखे बोंबलतात, म्हणून मधलं कार्ड. सिनेमा लागला असताना त्याचे पंखे चक्क थांबतात म्हणे. काचेऐवजी आतून आवाज शोषणारं जाड नमद्याचं अस्तर असलेली पेटी. प्रोसेसरवर ताटाएवढा पंखा, सावकाश फिरणारा. आत फिरती डिस्क नाही. वीजपुरवठ्याचा डबा गरजेपेक्षा मोठा, म्हणजे त्याला धाप लागायची नाही. वाचले ते पैसे माइकमध्ये घातले. स्पीकर माझ्या सिनेमांसाठी. खेळताना ह्यांच्या कानावर हेडफोन.

मला तो कॉम्प्युटर टीव्हीखालच्या कपाटात हवा होता, काचेच्या दाराआड, नीटनेटका. "कोंडलात तर गुदमरेल आणि बोंब मारेल," त्या म्हणाल्या. कपाटाचं दार गेलं ते गेलंच.

रविवारी सकाळी ताई सगळं जोडून घेऊन आल्या. लेकीला चारची वेळ दिली होती. ह्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईंनी चाचणीसाठी शर्यत सुरू केली. मला तर काही आवाजच येईना, मी खूश! ताई मात्र पेटीला कान लावून बसल्या आणि मान हलवली.

"शिट्टी वाजतेय. कार्डातली तारेची बारीक गुंडाळी थरथरतेय. कार्ड बदलून आणायला हवं. पुढच्या रविवारी बघू."

माझं डोकंच फिरलं. "अहो बाई, आम्हाला कुणाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या कानाचे लाड मी का पुरवू? आठ महिने थांबलेय मी! ठेवा ते आणि निघा!"

त्या वायरी काढतच होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माइकला ऐकू येते. आज पोरीने एकदा जरी 'काय?' विचारलं, तर हे पुन्हा बोलायचे नाहीत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते शर्टाची बाही दुमडत होते, मान खाली घालून. मग मी मुकाट्याने पेटीचं दुसरं टोक धरलं आणि खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. घाऊक व्यापारी ताईंना हसला म्हणे, "शिट्टीसाठी कार्ड परत?" त्यांनी तिथेच चार कार्डं लावून ऐकली आणि चौथं उचललं.

पुढच्या रविवारी पुन्हा दाढी, पुन्हा तोच शर्ट. ताईंनी माइक ह्यांच्या ओठांपाशी आणला, एक हेडफोन ह्यांना आणि एक मला दिला, आणि स्वतः माइकच्या बटणावर बोट ठेवून बसल्या. चार वाजले. पडद्यावर दोन गाड्या उभ्या राहिल्या. लेक नुसती "हॅलो, हॅलो" करत होती आणि हे गप्प.  

शर्यत सुटली. लेकीची गाडी पहिल्याच वळणावर मागे पडली, आणि ह्यांच्यातला मास्तर जागा झाला. ओठ हलले.

"पाय मार! पाय मार गं!"

 पलीकडून ती किंचाळलीच, "बाबा! अरे, ओरडतोस काय! कान फुटले ना माझे!"

"ती म्हणतेय ओरडू नका!" मी ताईंना सांगितलं. खरं तर मीच ओरडले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

ताईंनी चष्मा नाकावर चढवला.

"थांबा," त्या म्हणाल्या, "जरा कमी करते." आणि आवाजाचं बटण त्यांनी अलगद मागे फिरवलं.