गिरिजा मॅडम आणि आपणहून बोलू लागलेले संगणक

गिरिजा मॅडमची आणि माझी ओळख त्यांच्या रागातून झाली. सोलापुरातल्या आमच्या छोट्या वाचनकेंद्रात दृष्टिहीन वाचक येतात. मीही जन्मापासून दृष्टिहीन असून तिथे शिकवतो. त्या सकाळी आम्ही काही जण संगणकांसमोर हात बांधून बसलो होतो. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या एक बाई केंद्र पाहायला येणार आहेत, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

"असे का बसलात सगळे?" आत येताच त्यांनी विचारले.

"लिपिक यायचे आहेत," मी म्हणालो. "ते पासवर्ड घालतात, पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू करून देतात. मग पुढचं आमचं आम्ही करतो."

"म्हणजे संगणक तुमच्यासाठी, आणि तो सुरू करायला डोळस माणूस हवा? हे कसं चालेल हो?"

राग आमच्यावर नव्हता, हे आवाजावरून कळत होते. आम्ही इतकी वर्षे निमूट सोसलेली गोष्ट त्यांना पहिल्याच दिवशी खटकली होती. दुसऱ्या दिवसापासून मॅडम कामालाच लागल्या.

केंद्राच्या जुन्या संगणकांवर त्यांनी लिनक्स ही मोफत मिळणारी, हवी तशी घडवता येणारी प्रणाली बसवली. तिच्यासोबत येणारा सजवलेला डेस्कटॉप मात्र त्यांना नको होता. "ज्यांना चित्रं दिसणारच नाहीत त्यांच्या वाटेत ती कशाला?" असे म्हणून त्यांनी आमच्यापुरते वेगळे सेशन, म्हणजे लॉगिन केल्यावर उघडणारी कामाची मांडणी, तयार केले. त्यात पुस्तक वाचणे, लिहिणे, ईमेल आणि वर्तमानपत्र एवढेच ठेवले. बटण दाबले की यंत्राने स्वतःच लॉगिन करावे, हे सेशन उघडावे आणि कुणी काही न करता बोलू लागावे, अशी त्यांची इच्छा होती.

ते लगेच जमले नाही. स्पीकर तयार होण्याआधीच वाचणारा प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि त्याची पहिली वाक्ये कुणाच्याही कानावर न पडता विरून जायची. यंत्र चालू आहे की बंद, हेच आम्हाला समजत नसे. मॅडम पुन्हा पुन्हा संगणक बंद करून चालू करीत. त्या वेळी त्या डोळे मिटून बसतात, असे लिपिकांनी मला हळूच सांगितले. त्यांच्या घरी कन्नड बोलतात. "स्वल्प तडी, स्वल्प तडी," असे यंत्राला पुटपुटताना मी त्यांना ऐकले आहे, म्हणजे जरा थांब. शेवटी, संगणक सुरू होताना ज्या फाइलीतल्या सूचना पाळतो, तिच्यात त्यांनी क्रमच बांधून दिला: आवाजाची यंत्रणा जागी झाल्याखेरीज बोलणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. बोलणारा मध्येच बंद पडला, तर त्याने स्वतःच पुन्हा उठायचे.

यंत्राने पहिले वाक्य कोणते म्हणावे, हेही मॅडमनी आम्हालाच विचारले. कुणी नमस्कार सुचवला, कुणी देवाचे नाव. होटगीहून येणारी भाग्यश्री म्हणाली, "मी सुरू झालोय, एवढंच म्हणू दे की." तेच ठरले.

या भाग्यश्रीची दृष्टी कॉलेजात असताना आजाराने गेली होती. कुठल्याही वस्तूला हात लावताना ती बिचकायची. एकदा सकाळी वीज गेली आणि आली. तिने बटण दाबले, संगणक काही बोलेना. तिने पुन्हा दाबले. तरीही नाही. कुणाला काही न सांगता ती घरी निघून गेली आणि नंतर आलीच नाही.

मॅडमना हे कळले तेव्हा त्या मला घेऊन होटगीला गेल्या. दारातच भाग्यश्रीच्या आईने विचारले, "पोरीनं काय मोडलं का ओ बाई? तसं असंल तर सांगा की. घरात कुणाशी बोलंना झालीया."

मॅडम आत जाऊन भाग्यश्रीशेजारी बसल्या. "तू काही मोडलं नाहीस," त्या म्हणाल्या. "वीज अचानक गेली की यंत्र आधी स्वतःला तपासत बसतं, तेव्हा ते गप्प असतं. मला ते ठाऊक होतं. पण त्या वेळी तुला काय वाटेल, याचा विचारच मी केला नाही. चूक माझी आहे."

मग भाग्यश्री म्हणाली, "मला वाटलं, आता हेबी माझ्या हातनं गेलं."

एवढे बोलून ती रडू लागली. मॅडमनी तिला रडू दिले, आणि चहा होईपर्यंत तिचा हात सोडला नाही. त्यानंतर आमचे संगणक तपासणी चालू असताना अधूनमधून टुक् असा आवाज करू लागले. भाग्यश्रीही परत आली. आज ती टेंभुर्णीच्या एका शाळेत शिकवते. तिथल्या संगणकावर हीच व्यवस्था बसवताना अडली, तेव्हा तिने मॅडमना बोलावले. मॅडम गेल्या नाहीत. "तू फाइल वाच, मी फोनवर ऐकते," म्हणाल्या. चुकलेली ओळ भाग्यश्रीलाच सापडली.

मॅडमची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. खोलीत आल्या की त्या नाव सांगतात आणि जातानाही "निघते" म्हणून जातात. पुष्कळ डोळस माणसे न सांगता उठून जातात आणि आम्ही रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. मॅडमनी ती वेळ माझ्यावर कधीच आणली नाही.

यंदा त्या पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण तसे कबूल करणे त्यांच्या स्वभावात नाही. अलीकडे जिना चढताना त्या मधेच थांबतात, ते आम्हाला ऐकू येते. म्हणून आम्ही वाचनकेंद्र पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर हलवले. वरच्या भिंतींना ओल येते, असे मॅडमना सांगितले आहे. खरे कारण त्यांना हा लेख वाचूनच कळेल. त्यांना निरामय, उदंड आयुष्य लाभो आणि आमच्या दारापर्यंत त्यांनी अशीच वर्षानुवर्षे चालत यावे. आता एकही पायरी चढावी लागणार नाही, मॅडम.