उरलेलं कोण संपवणार?

घरात रोज काहीतरी उरतं. भांड्याच्या तळाशी चार घास भात, रश्श्यातला एक बटाटा, गार झालं म्हणून कुणी बाजूला सारलेलं अर्धा कप दूध. हे सगळं जातं कुठे, असा प्रश्न जेवून उठलेल्या माणसाला कधी पडत नाही. तो हात धुतो, ढेकर देतो आणि मोबाइल उघडतो. या घरात ते सगळं काकूंच्या पोटात जायचं. वर्षानुवर्षं ते तिथे घालून झाल्यावर घालणाऱ्यांनीच काकूंकडे बघत म्हणायचं, "एवढी कशी गं सुटलीस तू?" याला हातातलं भांडं आपटून उत्तर द्यायला हवं होतं. काकू ते भांडं घासून पालथं घालायच्या.

काकू म्हणजे कुणाच्या सख्ख्या काकू नव्हेत. सोफे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्या खोळी शिवायच्या आणि तिथे त्यांना सगळे काकू म्हणायचे. तोंडावर काकू, पाठीमागे गादी. पत्र्याच्या छपराखाली लांबलचक हॉल, एका भिंतीला लाकडाचे उघडे सांगाडे, मधोमध फोमच्या लाद्यांची थप्पी आणि खिडकीशी काकूंचं मशीन. जाड कापडाचे चार थर एकावर एक आले की भल्याभल्यांची सुई मोडते. काकूंची शिलाई मात्र कोपऱ्यावरून अशी वळायची की हात फिरवला तरी कोपरा लागू नये.

मालकाला त्या हाताचं काही नव्हतं. त्याला काकूंचं वजन प्यारं. गिऱ्हाईक दारात आलं की आतून हाक यायची, "काकू, या जरा. बसून दाखवा." काकू मशीन थांबवून यायच्या आणि नव्या सोफ्यावर बसायच्या. मालक सोफ्याच्या हातावर थाप मारून म्हणायचा, "बघा, हूं नाही की चूं नाही. आता तुमच्या घरी कुणीही येऊन बसू दे." गिऱ्हाईक हसायचं, मालक हसायचा, काकूही हसायच्या. जाड बाई हसली नाही तर ती वर आणि तिरसटही ठरते. मग दुपारी डबे उघडले की तेच लोक आपापल्या डब्यातलं उरलेलं काकूंपुढे सरकवायचे. "काकू, एवढं संपवा ना, घरी परत नेलं तर बायको ओरडते."

गुडघे गेले, रक्तातली साखर चढली, जिन्याचा एक टप्पा चढून काकू कठड्याला धरून उभ्या राहायला लागल्या. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटाच्या ऑपरेशनचा विषय काढला. घरात तो निघाला तसा सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "पोट कापून घ्यायचं म्हणजे काय? तोंडाला कुलूप लावलं असतं तर फुकटात झालं असतं." नवरा म्हणाला, "बघ बाई, तुझं शरीर." एवढं बोलून तो ताटात अर्धा मासा टाकून उठला. काकूंनी तो अर्धा मासा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आयुष्यात फक्त स्वतःसाठी केलेली त्यांची ती पहिलीच सही असावी.

जठराचा मोठा भाग काढला. उरली केळ्याएवढी एक नळी आणि तिच्या कडेला ओळीनं मारलेल्या बारीक पिना. कारखान्यात सांगाड्यावर कापड ठोकतात तशाच, फक्त नाजूक. मग सुरू झालं नवं जेवण. आधी नुसतं पाणी, पातळ सूप, गाळलेली डाळ. मग कुस्करलेलं, मग मऊ. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं, "छोटी वाटी, छोटा चमचा. घासाचं तोंडात पाणी होईपर्यंत चावायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. पोट भरल्याची पहिली चाहूल लागली की चमचा खाली. तोंडात घास असताना बोलायचंही नाही. आणि बसून जेवायचं, सावकाश. उभ्यानं, घाईत एक घासही नको, टाके नवे आहेत."

टाक्यांचं काकूंना निराळं समजावून सांगायला नको होतं. खोळीपेक्षा मोठा फोम आत ठासला की काय होतं, ते त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. शिलाई लगेच उसवत नाही. खोळ दोन दिवस छान टम्म दिसते, कुणीतरी येऊन बसतं आणि मग ती कोपऱ्यात फाटते. आपलं पोट कोपऱ्यात फाटलं तर पुन्हा शिवायला वेळ मिळेलच असं नाही, हे त्या ओळखून होत्या. त्या घाबरल्या होत्या आणि नेटानं सगळं पाळत होत्या.

त्यांना चकित केलं ते त्या 'बसून'नं. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि काकू रोज सगळ्यांच्या नंतर, ओट्याशी उभ्या राहून, भांड्यातलं भांड्यातच खात आल्या होत्या. आता मुलीच्या लहानपणीचा चमचा घेऊन त्या टेबलाशी बसायच्या आणि चार चमचे कुस्करलेलं अंडं वीस मिनिटं खायच्या. अंड्याला चव असते हे त्यांना या वयात कळलं. कधी चव लागून डोळ्यांत पाणी यायचं, कधी नुसत्या रागानं. बावीस वर्षं काय खाल्लं आपण, असं त्यांच्या मनात यायचं.

घराची पंचाईत वेगळीच झाली. स्वयंपाक पूर्वीच्याच मापानं व्हायचा, कारण कमी केला की सासूबाई भांड्यात डोकावून म्हणायच्या, "आज काय उपास आहे का सगळ्यांचा?" आणि उरलेलं संपवणारी तर रिटायर झालेली. फ्रिजमध्ये वाट्यांवर वाट्या चढल्या. दार उघडलं की आंबूस वास यायचा. कॉलेजात जाणारी मुलगी नाक दाबून म्हणायची, "आई, हे बघ ना काहीतरी." म्हणजे वास हिला यायचा आणि बघायचं आईनं. सासूबाई एकेक वाटी बाहेर काढून काकूंच्या समोर ठेवायच्या. "दोनच घास आहेत गं. अन्न टाकवत नाही मला." ते स्वतःच्या तोंडात टाकायला त्यांचा हात कुणी धरला होता, हे विचारायची सोय नव्हती. काकू वाटी उचलून परत आत ठेवायच्या.

महिन्याभरानं त्या कामावर गेल्या. मालकानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दोनच दिवसांत गिऱ्हाईक आलं, सवयीनं हाक गेली, काकू येऊन बसल्या. मालक तोंड वाकडं करून म्हणाला, "काकू, तुम्ही तर माझी जाहिरातच बुडवलीत. थोडं खा हो, पुन्हा भरा अंगानं." गिऱ्हाईक हसलं. काकूही हसल्या. मशीनशी परत आल्यावर त्यांनी पायडल इतकं जोरात दाबलं की सुई मोडली. राग मालकाचा होताच, पण आपण पुन्हा हसलो याचा त्याहून जास्त होता.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी घोटाळा झाला. नवऱ्यानं नेहमीसारखं ताट पुढे सरकवलं, बघितलंही नाही. आपण ताट सरकवतो हेसुद्धा त्याला ठाऊक नसावं, इतकी ती सवय मुरलेली. ताटात भाताचे दोन घास आणि मटणाचा एक तुकडा. काकू ताटं उचलून बेसिनशी गेल्या. मनात धुण्याभांड्यांचे विचार चाललेले, आणि बावीस वर्षांच्या सवयीचा हात आपला आपण ताटातून तोंडाकडे गेला. उभ्यानं. घाईत. तुकडा धड चावलाही नाही. गिळल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय केलं.

छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तसं झालं. तोंडाला फेस आला, घाम फुटला, उलटी होता होईना. काकू बेसिनची कड धरून खाली बसल्या. नवऱ्याचं ताट त्यांच्या हातातच होतं. मुलीनं ते दारातून पाहिलं आणि मगच बापाला हाक मारली.

दवाखान्यात नळ्या लागल्या, फोटो निघाले. टाके शाबूत होते. तुकडा अडकला होता, तो थोड्या वेळानं सुटला. डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?" काकूंच्या घशातून आवाज निघत नव्हता. नवरा म्हणाला, "तिला आवरत नाही हो डॉक्टर. आम्ही सांगून सांगून थकलो. स्वयंपाकघरात जाऊन चोरून खाते."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि हा माणूस खोटं बोलत होता असंही नाही, त्याला ते खरंच वाटत होतं. आपल्याच ताटातला, आपणच सरकवलेला घास त्याच्या लेखी चोरीचा माल होता. डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या हातावर थोपटलं. "काकू, असं करून कसं चालेल? मनावर ताबा हवा." मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं ताट पाहिलं होतं. ती नखं बघत राहिली. काकूंना उठून बसायचं होतं, सलाइनची सुई उपटून सांगायचं होतं, की मी चोरून काहीही खाल्लं नाही, उभ्या आयुष्यात मी माझं म्हणून काही खाल्लंच नाही. घशातून फक्त घरघर निघाली. नवऱ्यानं तिचा अर्थ पश्चात्ताप असा घेतला आणि "असू दे, असू दे" म्हणाला.

घरी आल्यावर काकूंनी भांडण काढलं नाही. सासूबाई दोन दिवस सुनेची जीभ किती चटोर ते शेजारीण येईल तिला ऐकवत होत्या. काकू कामावर गेल्या. गिऱ्हाईक आलं, हाक आली, काकू म्हणाल्या, "मला खोळ पुरी करायचीये." मालकाला आधी कळलंच नाही. मग तो स्वतःच सोफ्यावर बसला.

त्या रात्री काकूंनी नेहमीच्याच मापानं स्वयंपाक केला. वाढलं. सगळे खाऊन उठले, नेहमीसारखं उरवून उठले. काकूंनी एकही ताट बेसिनमध्ये नेलं नाही. प्रत्येकाचं उरलेलं त्याच्यात्याच्या ताटात तसंच राहू दिलं, वर दुसरं ताट झाकलं आणि तिन्ही ताटं फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी गरम करून ज्याचं त्याच्या पुढे मांडली. स्वतःची छोटी वाटी घेऊन त्या टेबलाशी बसल्या.

"हे काय, शिळं?" सासूबाई म्हणाल्या.

"कालचं तुमचंच आहे, आई. हे आधी, मग ताजं वाढते. तुम्हाला अन्न टाकवत नाही ना."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. काकूंनी चमचाभर अंडं तोंडात घातलं.

नवऱ्याच्या ताटात भाताचा गोळा, अर्धा बटाटा आणि कडेला चावून ठेवलेला पाव होता. आपण किती टाकतो हे त्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यानं ताट ढकललं, पूर्वी ढकलायचा तसंच, काकूंच्या दिशेला. "उष्टं पुढे करतेस माझ्या? मी काय उकिरडा आहे का या घरातला?"

काकूंच्या तोंडात घास होता. तोंडात घास असताना बोलायचं नाही, पाणी होईपर्यंत चावायचं. त्या चावत राहिल्या. नवरा थांबला. सासूबाई थांबल्या. बावीस वर्षांत त्या घरातली माणसं काकूंचं जेवण होण्यासाठी पहिल्यांदाच थांबली होती, आणि काकूंनी जरासुद्धा घाई केली नाही. टाके नवे होते.

त्यांनी घास गिळला. तो नीट खाली उतरेपर्यंत वाट पाहिली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मीही नव्हते."

आणि बोटानं ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. मुलीनं मान वर न करता आपलं कालचं खायला सुरुवात केली.