मागच्या दारचं गरम पाणी

इथले अनुभव मी रोज दुपारी चहाबरोबर वाचतो आणि सुनेला वाचून दाखवून हसतो. पिंपळाखालची बाई, उलट्या पावलांचा माणूस, बंद खोलीतला खोकला... माझं मत एकच होतं – ज्याला रात्रीचं शेवभाजीचं जेवण पचत नाही त्याला असलं दिसतं. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर हसायची पाळी तुमची. खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा, आणि कुणाला काही उलगडलं तर सांगा.

आधी माझ्याबद्दल. नोकरीची सगळी वर्षं दीपनगरला, वीजकेंद्रात, पाण्याच्या विभागात गेली. आत येणारं पाणी किती गार, बाहेर जाणारं किती गरम, हेच बघण्यात केस पिकले. पाणी आपोआप गरम होत नाही, त्यासाठी कुठेतरी काहीतरी जळावं लागतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर जळगावात मेहरूणला घर बांधलं. तलाव हाकेच्या अंतरावर, पण तिथे फिरायला येणाऱ्यांची इतकी गर्दी की गळ टाकला तर माशाऐवजी कुणाचा तरी ट्रॅकसूट अडकायचा. म्हणून मी पाचोऱ्याकडे जातो.

हो, गळाने मासे धरणं हा माझा एकुलता एक शौक. गंमत अशी की मी मासे खात नाही. माझी बायको सुमन रावेरकडची, माळकरी घरातली. लग्नानंतर मीही सोडलं. 'खायचे नाही त धरता कशाले?' असं ती इतकी वर्षं विचारतेय आणि मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही. मिळेल तो मासा रशीदभाई नेतात. रशीदभाई म्हणजे तलावावरचे माझे जोडीदार. पाचोऱ्यात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे.

सुमनने मला कधी अडवलं नाही, पण एक नियम घालून दिला. माशाच्या हाताने घरातल्या भांड्याला शिवायचं नाही. तलावावरून आलो की मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर उभं राहायचं. मग ती गरम पाणी आणि तांब्या घेऊन येणार आणि स्वतः माझ्या पायांवर पाणी घालणार. आधी उजव्या, मग डाव्या, पुन्हा उजव्या. मी घाईने भलताच पाय पुढे केला तर ती थांबायची. बरोबर पाय पुढे येईपर्यंत तांब्या वरच. आधी उजवा का, हे मी कधी विचारलं नाही. पायांना सवयच झाली होती.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण चालणं म्हणजे वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही आमच्या सुनेच्या, स्वातीच्या आधाराने. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. रात्री कूस बदलायला मात्र तिला माझाच हात लागायचा, दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही. दिवसभर मी तिच्याभोवती घिरट्या घालायचो आणि ती वैतागायची. शेवटी होळीच्या आठवडाभर आधी म्हणालीच, माझ्या डोक्यावर मिरे वाटू नका, जा तुमच्या मासोळ्यांकडे. जायचं जिवावर आलं होतं, तरी गेलो.

पाचोऱ्याच्या पुढे एक पाझर तलाव आहे. आदल्या दिवशी तिकडे अवकाळी पाऊस झाला होता, गारांसकट. नाल्याची माती वाहून आलेली, पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ, आणि बोटं घातली तर कळ यावी इतकं गार. सवयीने थर्मामीटर घालून पाहिला (हो, मी तलावावर थर्मामीटर नेतो, सुमन त्यावरूनही हसते). पारा भर थंडीत असावा तसा खाली बसलेला. असल्या पाण्यात चिलापी मासे फिरत नाहीत, काठाजवळच्या बुडालेल्या बाभळीच्या खुंटांना धरून राहतात. घास लागला तरी ओढ घेत नाहीत. दोरीवरचा तरंगा बुडतच नाही, नुसता एका बाजूला कलतो. त्याचं कलणं ओळखायचं, सगळी मजा त्यात आहे. ज्याला ती कळत नाही त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही.

दिवस शुक्रवारचा. दुपारी रशीदभाई नमाजाला गावात निघाले. आदल्या उन्हाळ्यात लोकांनी शेतात टाकायला या तलावातला गाळ जेसीबीने काढून नेला होता आणि त्याचे खड्डे पाण्याखाली तसेच होते. गाडीत बसता बसता ते म्हणाले, "भाऊ, बठ्ठा तलाव खंदी टाकेल शे. पानीमा उतरू नका."

मी मान डोलावली. बायकोच्या सूचनांना डोलावतो तशीच.

ते गेले आणि थोड्या वेळाने तरंगा कलला. झटका दिला तर चांगला जड मासा. पण तो खुंटाच्या आत शिरला आणि दोरी गुंडाळली गेली. दोरी तोडून टाकली असती तर काम संपलं असतं... पण तोंडात गळ घेऊन खुंटाला बांधलेला मासा तसाच सोडून यायचं मला होत नाही. तो तिथेच तडफडत मरतो. खायचा नसला तरी, किंबहुना खायचा नसतो म्हणूनच, ते मनाला लागतं. चपला काठावर ठेवल्या आणि उतरलो.

मांडीभर पाण्यातून खुंटापाशी गेलो, चाचपडत गळ सोडवला. मासा हातातून निसटला. बरं वाटलं. आणि परतायला वळलो तर पायाखाली जमीनच नाही. खड्ड्यात घसरलो, पाणी थेट गळ्याशी, आणि दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गाळात.

मला पोहता येतं, तापीत शिकलोय. पण पाय धरून ठेवलेल्या माणसाला पोहता येत नाही. एक पाय काढायला जोर लावावा तर दुसरा आणखी आत. हाताला लागलेली बाभळीची फांदी कुजकी, तुटून हातात आली. ओरडलो, पण गारठ्याने छाती अशी आवळली होती की आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मग पायांचं भान जायला लागलं. आहेत की नाहीत तेच कळेना. पाणी हनुवटीला लागलं. देव वगैरे काही आठवलं नाही मला. डोक्यात एवढंच होतं, की आज रात्री सुमनला कूस कोण बदलून देणार.

आणि माझ्या उजव्या पायाला गरम लागलं.

नीट सांगतो. सगळं पाणी कोमट झालं असं नाही. घोट्यावरून पावलावर, बोटांपर्यंत, तांब्याभर कढत पाणी कुणी सावकाश घालावं तसं. गाळात रुतलेल्या पायावर. लागलं आणि थांबलं. पाय मला पुन्हा कळायला लागला, बोटं हलली, पाय उचलला तर सुटला. पुढे टाकला. मग डाव्या पायावर तसंच. तोही सुटला. पुन्हा उजवा. मध्ये घाबरून मी गार असलेलाच पाय उपसायला गेलो, तर तो जागचा हलेना. थांबलो. त्याच्यावर ऊब आली तेव्हाच तो निघाला. काठ कुठल्या बाजूला होता याचाही मला पत्ता राहिला नव्हता. मी माझ्या अंदाजाने वळलो असतो तर आणखी आत गेलो असतो, हे नंतर कळलं. गरम झालेला पाय टाकत गेलो आणि पायाखाली मुरूम लागला.

रशीदभाई आले तेव्हा मी काठावर पालथा पडलो होतो. गाडीत कुणा गिऱ्हाइकाची नवीकोरी रजई होती, ती आणून त्यांनी मला चिखलासकट तिच्यात गुंडाळलं आणि तळहात चोळत बसले. त्या रजईचं पुढे काय झालं हे त्यांनी मला आजवर कळू दिलेलं नाही.

पिशवीत फोन वाजत होता. स्वातीचे कितीतरी कॉल येऊन गेलेले. मी फोन घेतला. दात वाजत होते, मी काहीच बोललो नव्हतो. तीच रडवेल्या आवाजात बोलायला लागली.

ती गच्चीवर कपडे काढायला गेली होती. खाली आली तर पलंग रिकामा. वॉकर पलंगाशी तसाच उभा. गॅसवर पातेल्यात पाणी उकळतंय. आणि सुमन मागच्या दारात, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हातातल्या तांब्याने धुण्याच्या रिकाम्या दगडावर पाणी घालतेय. थोडं या बाजूला, मग थांबून थोडं त्या बाजूला. स्वातीला वाटलं, दुखण्याच्या गोळ्यांची गुंगी असेल. आई, हे काय करताय, असं विचारलं तर वळूनही न बघता सुमन म्हणाली, "त्यांचे पाय गार पडले व. मी नाही टाकलं त कोन टाकीन?"

स्वाती धरायला गेली तर हाताने लांब केलं. तांब्या रिकामा झाला, तेव्हा म्हणाली, "झालं. निंघाले." आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मग मात्र तिला उठता येईना, शेजारच्यांना बोलवावं लागलं.

मी रशीदभाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर मी स्वस्थ बसलो असतो तर मी कसला पाण्याचा माणूस. आठवड्याने रशीदभाईंना घेऊन परत गेलो. कंबरेला दोर बांधून, दोराचं टोक त्यांच्या हातात देऊन, त्या खुंटाच्या आसपास थर्मामीटर बुडवत राहिलो. सगळीकडे सारखंच पाणी. गरम झरे आपल्याकडे आहेत, पण ते उनपदेवला, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. इथे कुणी कधी ऐकलेले नाहीत. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अति गारठ्यात नसा चुकीचं सांगतात, गारही गरम वाटतं. पटलं मला. पण मग त्यांनी विचारलं की वहिनी वॉकरशिवाय स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेल्या कशा.

सुमनला फारसं आठवत नाही. तुम्ही दारात उभे आहात असं वाटलं, एवढंच म्हणते. मी खोदून विचारलं तर म्हणते, वाचले ना, मग वकिली कशाला करता.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि खरं सांगू... आता मी ते शोधतही नाही. मिळालेलं आयुष्य वापरतोय. पाण्यात उतरत नाही, मासा अडकला तर लांब काठीला आकडा बांधून सोडवतो.

ती आता काठी टेकत चालते, पण वाकणं तिला कायमचं बंद आहे. म्हणून रोज संध्याकाळी मागच्या दारी खुर्ची टाकून तिला बसवतो आणि तिचे पाय मी धुतो. पहिल्या दिवशी मी डाव्या पायावर पाणी घालायला गेलो, तर तिने तो मागे घेतला. माझ्या लक्षात आलं.

थर्मामीटर कपाटात ठेवून दिलाय. पाणी सोसेल इतकं आहे ना, हे आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघतो, आणि मग तिच्या उजव्या पायावर घालतो.