दोन मिलिमीटर म्हणून सांगितलेली जाडी

अँपचा व्हॉल्यूम पूर्ण फिरवला होता, तरी गिटारचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. गुणगुण मात्र मोठी. मी तारांवर जोरात हात मारला. काही फरक नाही.

मी मिरजेचा वाद्यकारागीर. घरात चार पिढ्या सतारी आणि तंबोरे. इलेक्ट्रिक गिटार मी अलीकडे करायला लागलो. ही गिटार साताऱ्याच्या निखिलसरांची होती. ते तिथे गिटारचे क्लास घेतात. माझ्या एका सतारीवरची पांढरी नक्षीची वेल त्यांना फार आवडली होती.

"इक्बालभाई, अशी वेल मला गिटारच्या अख्ख्या अंगावर पाहिजे," ते म्हणाले होते. "मध्ये ते पिकअपचे काळे डबे नकोत. पिकअप आत लपवा. पाचगणीला एका शाळेत माझा कार्यक्रम आहे, तिथे हीच वाजवणार."

पिकअप म्हणजे काय ते आधी सांगतो. एक लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजे कॉइल. वर पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत किंचित वीज तयार होते. अँप ती मोठी करतो. लाकूड चुंबकाला अडवत नाही, त्यामुळे पिकअप लाकडाखाली लपवता येतो. अडवतं ते अंतर. तार आणि चुंबक जरा लांब गेले की आवाज पडतो. म्हणून गिटारचा वरचा पाट, म्हणजे टॉप, पिकअपच्या जागी मागून कोरून पातळ करायचा. दोन मिलिमीटर ठेवायचा, असं मीच सरांना सांगितलं होतं. मोठ्या ऐटीत सांगितलं होतं.

वेल आधी बसवली. तिथंच माझं चुकलं. एकवीस दिवस बसून वेल खोदली, भरली, घासली. मग गिटार उलटी करून कोरायची वेळ आली. आधी एका फळीवर प्रयोग केला. राउटर, म्हणजे विजेवर चालणारं कोरायचं मशिन, दोन मिलिमीटरच्या आसपास आलं आणि फळीतून आरपार गेलं. गिटारवर असं झालं तर वेलच फुटणार होती. खऱ्या गिटारवर मी साडेचार मिलिमीटरलाच थांबलो.

थांबलो ते ठीक. पण सरांचा फोन आला, "जाडी किती ठेवलीत?" आणि मी म्हणालो, "दोन."

कॉइल गुंडाळली होती पलूसच्या भूपालअण्णांनी. अण्णांचं तिथं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पिकअपची तार त्या तारेपेक्षा कितीतरी बारीक, श्वास लागला तरी तुटणारी. पण मी विचारल्यावर ते म्हणाले होते, "बगू की. तार ती तारच." माझ्या पहिल्या गिटारपासून कॉइल त्यांचीच. एकदाही तक्रार आली नव्हती.

त्या दिवशी मात्र मी त्यांना फोन लावला.

"अण्णा, आवाज न्हाई येत. वेढे कमी पडल्यात."

"मोजून घातल्यात हो."

"मग तार कुठंतरी दबली आसंल. पुन्हा करा."

त्यांनी दुसरी कॉइल पाठवली. आवाज तेवढाच. मी तीही नापास केली. सरांना सांगितलं, "माझं काम झालंय सर. वाइंडिंगवाला चुकतोय. वय झालं त्यांचं." त्याच उन्हाळ्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते मला माहीत होतं. बोलताना ते मी वापरलंसुद्धा.

हे लिहिताना वाटतं, तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं असं लिहून टाकावं. पण तसं नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कॉइल बदलून आवाज थोडा तरी वाढेल, मग टॉपला हात लावावा लागणार नाही, एवढीच माझी आशा होती.

तिसरी कॉइल घेऊन अण्णा स्वतः आले. एसटीनं, सकाळीच. कॉइल टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून आणली होती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दावा बगू गिटार."

त्यांनी कॉइलला मीटर लावला. रीडिंग बरोबर होतं. मग वायर अँपला जोडली आणि कॉइल आत न बसवता हातात उलटी धरून तारांच्या वर नेली. मला म्हणाले, "वाजवा."

मी तार छेडली. दुकानाच्या काचा थरथरल्या.

अण्णांनी कॉइल आत बसवली. पुन्हा तोच मेलेला आवाज. त्यांनी कॉइल काढली. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, मागच्या खळग्यात उभी सोडली आणि खळग्याच्या काठाशी तिच्यावर नखानं खूण धरली. मग ती गिटारच्या कडेला बाहेरून लावली. खूण एका काठाला, टोक दुसऱ्या काठापर्यंत जायला कमी पडत होतं. जेवढं कमी पडत होतं, तेवढी टॉपची जाडी. मिलिमीटरची पट्टी लावायची गरज नव्हती. दोन नव्हतेच ते.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी पॉलिशची बाटली बंद करत बसलो. ती आधीच बंद होती.

तेवढ्यात निखिलसर आले. त्यांना मीच त्या दिवशी बोलावलं होतं. कार्यक्रम आठ दिवसांवर आलेला. मी कॉइल परत आत बसवून दिली. त्यांनी तार छेडली, आवाज ऐकला आणि तोंड पाडलं.

"हेच का ते वाइंडिंगवाले?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली.

"काका, राग मानू नका," सर अण्णांना म्हणाले, "पण विहिरीची मोटर वेगळी आणि हे वेगळं. जमत नसेल तर आधीच सांगायचं ना. तीन वेळा तेच. इक्बालभाईंची महिन्याची मेहनत वाया चाललीय."

मी तिथंच होतो. चार हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं मला, फार तर दोन. मी फडकं घेऊन गिटार पुसायला लागलो.

अण्णांच्या हातात अजून पेन्सिल होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "चुकलं आसंल. चार दिस द्या. काम हुईल."

ते उठले. जाताना मला म्हणाले, "पयली कॉइल टाकली न्हाई न्हवं? तीच बशीवा." बस. चहालाही थांबले नाहीत.

सर गेल्यावर मी गिटार उलटी करून समोर घेतली. राउटर बाजूला ठेवला. सतारीची तबली, म्हणजे भोपळ्यावरचा तो पातळ पाट, मी आयुष्यभर हातानं तासत आलोय. मग इथं मशिन कशाला? बारीक पटाशी घेतली. थोडं तासायचं, जाडी मोजायचा कॅलिपर लावायचा, पुन्हा थोडं तासायचं. तीन दिवस लागले. दोन मिलिमीटरला आलो. वेलीला धक्का लागला नाही. अण्णांची पहिली कॉइल बसवली, जी मी नापास केली होती. आवाज भरून आला. स्वच्छ, गोल, गुणगुण जवळजवळ नाही.

पाचगणीचा कार्यक्रम छान झाला. मुलं स्टेजवर येऊन गिटारवरून हात फिरवून बघत होती, आवाज निघतो कुठून म्हणून. सरांनी माइकवरून माझं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभा राहिलो, हातसुद्धा जोडले. मग मात्र तिथं बसवेना.

कार्यक्रम संपवून सर बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली गिटार खाली ठेवली. "मी त्यांना काय काय बोललो," एवढंच म्हणाले. आणि मग, "तुम्ही मला बोलू दिलंत."

दुसऱ्या दिवशी मी पलूसला गेलो. अण्णा एका मोटारीत डोकं घालून बसले होते.

"अण्णा, चूक माझी हुती."

"मला ठावं हाय की."

"मग सरांपुढं बोलला का न्हाई?"

"तुमचं दुकान, तुमचं गिऱ्हाईक," ते म्हणाले. "तितं म्या काय बोलायचं? बोलायचं तुमी हुतं."

मी माफी मागितली. त्यांनी "ऱ्हाऊ द्या" म्हटलं, चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली. मला वाटलं, मिटलं. निघताना पुढच्या गिटारच्या कॉइलचा विषय काढला. अण्णा कापडानं हात पुसत म्हणाले, "आता नगं इक्बालभाई. मोटारींचं काम लय हाय."

दुकानात दोनच मोटारी होत्या.

पुढं निखिलसर स्वतः पलूसला जाऊन त्यांना भेटून आले, असं कळलं. मला त्यांनी सांगितलं नाही. गिटार अजून वाजवतात. दुसरी मात्र माझ्याकडून करून घेतली नाही.

आता मी कॉइल पुण्याहून मागवतो. बऱ्या असतात. कोणी नवा कारागीर लपवलेल्या पिकअपबद्दल विचारायला आला, तर त्याला मी एवढंच सांगतो: आवाज कमी आला तर आधी आपल्या लाकडाची जाडी मोजावी. वाइंडिंगवाल्याला फोन त्यानंतर करावा.