अण्णांची गाडी शोधताना

आमच्या अण्णांचा एका बसवर जीव होता, आणि आईची त्याला हरकत नव्हती.

अण्णा बसचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी शेवटी चालवलेली ती गाडी काही मनातून उतरत नाही. जेवता जेवता मध्येच घास थांबतो. "कुठं आसंल रं ती?" (सासरी गेलेल्या माझ्या बहिणीची चौकशीसुद्धा ते इतकी करत नाहीत!) यंदा कानावर आलं, ती आता भंगारात निघायचीय. मला फार वाईट वाटलं. ठरवलं, त्याआधी अण्णांना एकदा तिच्यात बसवायचंच.

नवरात्रात पाथर्डीकडच्या देवीची जत्रा असते. जत्रेला जादा गाड्या सुटतात, आणि त्या कसल्या असतात हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक! वर्षभर वर्कशॉपमागे बाभळीखाली पडलेल्यांना पाणी मारायचं, हार घालायचा, की झाल्या तयार. ती तिथं नाही तर कुठं असणार? नंबर अण्णांना पाठ, पण विचारला तर बेत फुटला असता. माझ्याकडे माझी खूण होती. अण्णांच्या शेवटच्या फेरीला मी ड्रायव्हरमागच्या खिडकीच्या पट्टीवर किल्लीनं 'सुनील' कोरलं होतं. (वय वर्षं अडतीस!)

स्टँडवर चार चांगल्या गाड्या मी सोडल्या. आई नैवेद्याचा डबा धरून कंटाळली. "अरे, देवी झोपंल आता!"

पाचव्या गाडीत 'सुनील' सापडला!

"अण्णा, ओळखली का?"

अण्णांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पत्र्यावरून हात फिरवला. "चला, बसा." माझे तर डोळेच भरून आले.

शहर सोडतो न सोडतो तोच बायकोनं पट्टीवरची धूळ पुसली. "अहो, पुढे 'मनीषा' लिहिलंय. कोण ही?"

"कुणीतरी नंतर कोरलं असेल!"

"अक्षर एकच आहे."

तेवढ्यात खिडकीची काच निखळून आईच्या मांडीवर आली. एका हातात पुरणपोळ्या, दुसऱ्यात काच! आणि करंजी घाटाच्या पायथ्याशी गाडीनं मान टाकली.

"बाप्ये खाली उतरा, धक्का मारा!" कंडक्टर ओरडला.

आम्ही ढकलतोय आणि अण्णा ड्रायव्हरपाशी उभे राहून सांगतायत, "दुसऱ्यात टाक! आता सोड क्लच!" तोंडावर काय तेज! गाडी सुरू झाली, पण बंद पडेल या भीतीनं थांबेना. आम्ही ढकलणारे मागे धावतोय. माझी एक चप्पल अजून तिथंच असेल.

कसाबसा चढलो आणि धापा टाकत कंडक्टरला म्हणालो, "आमच्या अण्णांची गाडी आहे ही!"

"ही? ही तर जत्रंपुरती आनलीय, दुसऱ्या जिल्ह्यातनं."

जगात किती सुनील किल्ली घेऊन हिंडतात, देवच जाणे! मी हळूच अण्णांच्या शेजारी बसलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"स्टँडवरच नंबर बघितला की. आन् आपली कदी आशी बंद पडली न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लई खुशीत हुतास."

एवढं बोलून ते पुन्हा बाहेर बघायला लागले. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वाकून वाकून वाचत होते.

अण्णांनी जन्मभर हजारो माणसं बरोबर मुक्कामाला नेऊन उतरवली. मला एका माणसाला एकदाच गाडीत बसवायचं होतं, तेही चुकीच्या गाडीत बसवलं!