सुकटला मी ज्यांच्या हाती दिलं

सुकट काल सकाळी कसालला हायवेवर मेला.

ग्रुपवर सगळे अपघात म्हणतायत. मला तो शब्द लिहवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुकट हा आमच्या शेल्टरमधला तांबडा कुत्रा. मालवणला मासळी वाळत घालतात तिथे सापडला, नुसती हाडं, म्हणून हे नाव.

आमचं शेल्टर म्हणजे कट्टा गावाच्या पुढे, बंद पडलेल्या काजू कारखान्याची शेड. नोकरी सांभाळून मी ते चालवते. बाकीचे कुत्रे तिथे रुळतात. भांडतात, खातात, पसरतात.

सुकट रुळला नाही.

पिंजऱ्यात दिवसभर गोल गोल फिरायचा. शेपटी चावून चावून टोकाला जखम करून घेतली होती. बाकीचे भुंकायला लागले की कोपऱ्यात तोंड खुपसून थरथरत उभा राहायचा.

डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "ह्याला आजार नाही, स्ट्रेस आहे. माझ्याकडे ह्याचं औषध नाही. लवकर घर बघा, इथे हा जगणार नाही."

मी इथेच पोस्ट टाकली होती. अर्जंट. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी शेअर केली. "सो क्यूट" लिहिलंत. "कोणीतरी न्या रे" असंही लिहिलंत.

न्यायला एकच माणूस आला.

नाव लिहीत नाही. माझ्या बाबांचे मित्र. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते. देवगडच्या बाजूला त्यांची आंब्याची बाग आहे.

शेल्टरचा नियम आहे. फॉर्म भरायचा, आम्ही घर बघून येणार, घरातल्या सगळ्यांशी बोलणार, मगच कुत्रा देणार. नियम मीच केलाय. फॉर्म माझ्या हातात होता.

काका हसले. "फॉर्म कसलो गो चेडवा? कागदाक कोण भियाता? चल, देवाक नारळ ठेवतंय."

तुम्ही इथले असाल तर तुम्हाला कळेल. देवळात उभं राहून मोठ्या माणसाने गाऱ्हाणं घातलं, देवाला साक्ष ठेवून शब्द दिला की त्याच्यापुढे कागद सरकवायची आपली छाती होत नाही.

काकांनी नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज ह्या मुक्या जनावराक मी माझ्या घरात घेतंय. माझ्या घासातलो घास तेका देतलंय. तेची राखण कर रे म्हाराजा."

मागे उभी राहून मी म्हटलं, "होय म्हाराजा."

सुकट माझ्या पायाला टेकून उभा होता.

फॉर्म पर्समध्येच राहिला.

मग फोटो येऊ लागले. सुकट कलमाखाली झोपलेला, चारही पाय वर. सुकट वांदरांच्या मागे धावताना. शेपटीची जखम भरलेली. मी ऑफिसात बसून रडले. इथे ते फोटो टाकले, तुम्ही हार्ट दिलेत.

एकही फोटो घरातला नव्हता. सगळे बागेतले. मला ते दिसलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं.

आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या आणि फोटो थांबले. मी फोन केला तर म्हणाले, "बरो आसा." फोटो मागितला तर रेंज नाही.

काल कसालच्या स्टँडजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. सुकटच्या पट्ट्यावर आमचा नंबर होता.

"गो बाय, ह्यो कुत्रो तुमचो काय? पंधरा दिस हयसरच बसान होतो. खंयची पण पांढरी पिकअप दिसली की उठान मागे धावता. आज गावलो चाकाखाली."

काकांची पिकअप पांढरी आहे.

त्या बाई रोज त्याला पाव घालत होत्या. पट्ट्यावरचे आकडे पुसट झाले होते, त्यांना वाचता आले नाहीत; काल एका रिक्षावाल्याकडून वाचून घेतले तेव्हा फोन लागला. मी कसालला पोचले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या ना कुठल्या ग्रुपवर, ना त्यांनी कधी पोस्ट शेअर केली.

सुकटला गाडीत घेतलं आणि तिथूनच काकांना फोन लावला.

"हंगाम संपलो गो. बागेत आता कोण ऱ्हवता? घरात सुनेक कुत्रो चलणा नाय. कसालाक बाजार आसा, पोटाक कायतरी गावतला म्हणान थंय सोडलंय."

मी विचारलं, "काका, आणि देवासमोर बोललात ते?"

"तां मी सोडवून घेतलंय. परत नारळ ठेवलंय देवाक. माझ्यार आता काय नाय."

शांतपणे बोलले. आवाजात जराही खोट नव्हती. त्यांच्या लेखी हिशेब मिटला होता.

देवाला कळवलं. मला कळवायचं सुचलं नाही. एक फोन केला असता तर मी अर्ध्या तासात गाडी घेऊन कसालला पोचले असते.

मी काकांना खूप बोलले. जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आई म्हणते, वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. आई, वडीलधारे म्हणूनच तर दिला होता.

पण खरं सांगू? वांदरं हाकायला हंगामापुरता कुत्रा ठेवतात, हे मला माहीत नव्हतं का? मी इथेच वाढलेय. मला भीड पडली, आणि माझ्या भिडेपायी तो गेला.

कालपासून सगळे एकच विचारतायत. कसालहून कट्टा काही लांब नाही, कुत्र्याला वाट सापडते, मग तो शेल्टरवर परत का आला नाही?

का येईल? आम्हीच त्याला देऊन टाकलं होतं. आमच्याकडे परत यायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तो त्याच्या माणसाची वाट बघत होता.

शेडच्या मागे त्याला पुरलंय. श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. चुकले रे सुकट. झोप आता.